एकतीस नंबरच्या क्रीम पफची मोजणी

रेठरपूरच्या मार्था सोनवणे हिच्या बेकरीत सोमवारी सकाळी भाजलेल्या अठ्ठेचाळीस क्रीम पफांपैकी एकाच्या आत सुमारे दोन गुंठे मोकळी जागा निघाली. तिची मोजणी करण्याचं काम भूमापन कार्यालयातले भूकरमापक गजेंद्र वाघमोडे यांच्याकडे आलं.

अर्ज साध्या कागदावर होता. उपअधीक्षक तांबोळी मॅडमनी त्यावर लाल शाईने 'अतितातडी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"मॅडम, आजच्या आज?"

"आजच. पाचनंतर छत राहील याची खात्री नाही म्हणते अर्जदार. मऊ पडतं म्हणे."

"छत कशाचं आहे?"

मॅडमनी अर्ज पुन्हा वाचला. "मैदा, लोणी, अंडी. पत्र्याचं असतं तर मीच तुम्हाला पुढची तारीख दिली असती."

वाघमोड्यांचं वय त्रेपन्न. एकोणतीस वर्षं ते लोकांच्या जमिनी मोजत होते. त्यांचा फीता चुकत नाही हे सगळा तालुका मान्य करत असे, पण त्यांना पाहून कुणाला आनंद झालाय असं कधी घडलं नव्हतं. ते शेतावर पोचत तेव्हा तिथे दोन भाऊ उभे असत. ते निघत तेव्हा दोन पक्षकार उरत. त्यांच्या स्वतःच्या धाकट्या भावानेसुद्धा अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मोजून दिलेला बांध बिनतक्रार मान्य केला होता आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. माप बरोबर होतं. त्यामुळे वाघमोड्यांना नेमकं कशाबद्दल वाईट वाटून घ्यावं ते कळत नसे.

त्यांनी पिशवीत फीता, फळी आणि मोजणीचं कोरं शीट घेतलं आणि ते चालत निघाले.

बेकरी जुन्या सरकारी दवाखान्यासमोर होती. मार्था मूळची नर्स. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला ती जपानात गेली आणि कोबे शहरात पाच वर्षं राहिली. तिच्या खोलीच्या बरोबर खाली एक दुकान होतं, तिथे क्रीम पफशिवाय दुसरं काही मिळत नसे. ड्युटी संपली की ती तिथे उभ्याउभ्या एक पफ खायची आणि मग जिना चढायची. गावी परत आल्यावर तिने नर्सिंग सोडलं, एक भट्टी घेतली आणि दारावर 'कोबे बेकरी' अशी पाटी लावली. रेठरपूरकरांनी ठरवलं की पेंटरचा वेलांटीत घोटाळा झालाय. पफ दिसायलाही लहानशा कोबीसारखा, वरून सुरकुतलेला आणि फुगलेला, म्हणून गावात तो 'कोबी' याच नावाने चालू झाला. मार्थाने पहिले काही दिवस लोकांना दुरुस्त करून पाहिलं. मग ज्या फ्रेंच भाषेतून या पदार्थाचं नाव जपानात गेलं, त्या भाषेतही त्याचा अर्थ कोबीच होतो हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने नाद सोडला.

भट्टीत एका वेळी एकच ट्रे मावत असे. दिवसाला अठ्ठेचाळीस कोबी. नऊ वाजता टोकन सुटायची. कवचं आधी भाजून ठेवलेली असत, पण क्रीम भरलं जाई ते तुमचा नंबर पुकारल्यावरच, तुमच्या डोळ्यांदेखत. आधी भरून ठेवलं तर कवच ओलं होतं आणि सगळी गंमत जाते, असं मार्था म्हणे. त्यामुळे लोक रांगेत उभे राहत, आणि उभे राहिल्याबद्दल कुणाची तक्रार नसे.

वाघमोडे पोचले तेव्हा दुकान जवळजवळ रिकामं होतं. काचेच्या कपाटावर एका बशीत तो पफ एकटाच ठेवला होता. बाजूला स्टुलावर एक वयस्कर बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"नोझल लावली आणि पिशवी दाबली," मार्था सांगू लागली. "एका कोबीत साठ ग्रॅम क्रीम जातं, साहेब. हाताला वजन कळतं, तोलायला लागत नाही. साठ ग्रॅम गेलं, पिशवी संपली, दुसरी संपली, तरी हा आपला हलकाच. चार किलो गेल्यावर मी भोकाला डोळा लावला."

"मग?"

"क्रीम लांब कोपऱ्यात पडलेलं दिसलं."

वाघमोड्यांनी पफ न उचलता सगळ्या बाजूंनी पाहिला. "गोल जागेला कोपरा नसतो, ताई."

"मग लांब कडेला."

"ठीक. तसं लिहितो."

"लिहा काय लिहायचं ते," स्टुलावरच्या बाई म्हणाल्या. "पण तो माझा आहे." त्यांनी मूठ उघडली. तळहातावर एकतीस नंबरचं टोकन होतं.

त्या आशालताबाई रणनवरे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ऑपरेटर होत्या. अर्ध्या तालुक्याची लग्नं, मयतं आणि भांडणं त्यांनी जोडून दिलेल्या लाइनीवर पार पडली होती. नवरा गेला, घर विकलं, आणि आता मंगळवारी सकाळी सहाच्या गाडीने त्या कायमच्या इंदूरला मुलीकडे निघाल्या होत्या. मुलीचं घर दोन खोल्यांचं होतं. सामान आदल्या आठवड्यातच वाटून झालं होतं. एकावन्न वर्षं ज्या गावात काढली तिथे एकच गोष्ट करायची राहिली होती.

"दोन वर्षं म्हणतेय, रांग संपली की जाईन," त्या म्हणाल्या. "रांग काही संपली नाही. म्हणून आज उभी राहिले."

"काकू, हिच्याकडून दुसरा घ्या."

"सगळे गेले, साहेब," मार्था म्हणाली. "मी ह्याच्याशी झटत बसले तोवर बत्तीसपासून पुढच्यांना थांबवता आलं नाही. नवी पिशवी उघडून त्यांचे भरून दिले."

"आणि उद्या मी नाही," आशालताबाई म्हणाल्या.

वाघमोड्यांनी टोकनाचा क्रमांक टिपून घेतला. ताबा कुणाचा आणि हक्क कुणाचा हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. ते माप देत.

पफच्या बुडाला करंगळी जाईल एवढं भोक होतं. खाण्याची वस्तू असल्यामुळे त्यांनी बूट आणि मोजे काढले, पाय धुतले, फीत्याचं एक टोक मार्थाच्या हातात दिलं आणि ते आत गेले. जाताना अंग थोडं चोरावं लागलं.

आत उजेड होता. कागदी कंदिलातून यावा तसा, बदामी रंगाचा. पायाखाली जमीन किंचित दबत होती आणि लगेच वर येत होती. लोण्याचा आणि व्हॅनिलाचा वास होता. खात्याने दिलेल्या यंत्राला आत उपग्रह सापडेना, तेव्हा त्यांनी ते बंद करून फीता उलगडला. व्यास साडेबावन्न फूट. मधोमध उंची एकोणीस. क्षेत्र दोन गुंठ्यांना चार बोटं कमी. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं, तेच आलं.

काम संपलं होतं, तरी ते निघाले नाहीत. ते मध्यभागी उभे राहिले. झाड नव्हतं, विहीर नव्हती, बांध नव्हता. कुठेही कुणी हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत उभं नव्हतं. या जमिनीवरून अजून कुणी कुणाशी अबोला धरला नव्हता. अशी जागा त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिली, आणि ती कागदावर चढवली की काय होईल याची त्यांना कल्पना होती.

लांबच्या कडेला घागरीएवढा क्रीमचा ढीग होता. पंचनाम्यात वर्णन लागतं, म्हणून त्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं. गार होतं. आधी दुधाची चव आली, मग अंड्याची, सगळ्यात शेवटी व्हॅनिलाची. गोडी इतकी बेताची होती की ती आहे हे ती गेल्यावर कळलं. त्यांनी पंचनाम्यासाठी आणखी एकदा बोट लावलं.

ते बाहेर आले तेव्हा मार्थाने त्यांच्या हातात कागदी रुमाल दिला. त्यांनी मिशी पुसली.

तोवर वॉर्डाचे नगरसेवक संपतराव हुलवान येऊन बसले होते. त्यांच्या हातात अर्ज तयार होता. वॉर्डात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका व्हावी ही मागणी अकरा वर्षांची होती, आणि अकरा वर्षं नगरपालिकेचं उत्तर एकच होतं, की जागा उपलब्ध नाही.

"आता उपलब्ध झाली," हुलवान म्हणाले. "कशात झाली याच्याशी मला कर्तव्य नाही. माझी पोरं मंगल कार्यालयाच्या जिन्यात बसून वाचतात, वाघमोडेसाहेब. लग्न असलं की तेही नाही."

"पाचनंतर छताची खात्री नाही."

"नसू दे. नोंद तर होईल? एकदा वॉर्डात सार्वजनिक जागा होती अशी नोंद झाली, की ती गेल्यावर पर्यायी जागा मागता येते. मी नियम वाचलाय."

त्यांनी खरंच वाचला होता. वाघमोड्यांनाही तो नियम माहीत होता.

मोजणीत लगतच्या धारकांचे जबाब लागतात. मार्थाने ट्रेमधली मांडणी आठवून सांगितली. उत्तरेला ट्रेची कड. दक्षिणेचा पफ तडकला होता म्हणून तो तिने स्वतःच खाल्ला. पूर्वेचा रिक्षावाले किसन लोखंडे यांनी नेला, पश्चिमेचा पोस्टातल्या वैजयंती कुरणे यांनी. दोघांना निरोप गेले.

लोखंडे लगेच आले.

"पूर्वेकडचा पफ आपल्या ताब्यात होता?"

"होता. खाल्ला."

"हद्दीबाबत काही तक्रार?"

"दुसरा मिळाला नाही, एवढीच."

"मिळकतीचं वर्णन सांगा."

लोखंड्यांनी डोकं खाजवलं. असं कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. "वरून कुरकुरीत. पण जिलबीसारखा कडक नाही, दातांना आवाज येतो आणि संपतो. रंग बघून तोंड समजतं की भजी आहे, गरम असणार. आणि आतून येतं गार. म्हणजे फसवणूकच होते बघा. पण राग येत नाही."

वाघमोड्यांनी 'राग येत नाही' इथपर्यंत शब्दशः लिहून घेतलं.

वैजयंती कुरणे जेवणाच्या सुट्टीत आल्या. "मी सात वर्षं काउंटरला आहे," त्या म्हणाल्या. "जेवतानाही बोलत असते, सवयच लागली आहे. हा खाताना बोलता येत नाही. बोललं की क्रीम साडीवर. त्यामुळे पाच मिनिटं मी गप्प होते. साहेबांनी येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना."

"हद्दीबाबत?"

"हद्द चांगली होती."

दोघांनी सह्या केल्या. लोखंडे जाता जाता आशालताबाईंच्या पाया पडले. लोखंड्यांच्या जन्माच्या वेळी त्यांच्या आईने डॉक्टरला लावलेला फोन आशालताबाईंनीच जोडला होता.

आता दोन कागद समोरासमोर आले होते. एक हुलवानांचा अर्ज आणि एक आशालताबाईंचं टोकन. वाघमोड्यांनी दुकानाबाहेर जाऊन मॅडमना फोन लावला आणि परिस्थिती सांगितली.

"एक पक्ष अभ्यासिकेसाठी मागतोय. दुसरा पक्ष खायला मागतोय."

"खायला म्हणजे अतिक्रमण?"

"नाही मॅडम. खायला म्हणजे खायला. जमीन खायला परवानगीची काही तरतूद आहे का?"

पलीकडे थोडा वेळ कागदांचा आवाज येत राहिला. "तरतूद नाही," मॅडम म्हणाल्या. "लोक खातातच, वाघमोडे. या तालुक्यात गायरान खाल्लं, ओढा खाल्ला, स्मशानाची निम्मी जागा खाल्ली. पण अर्ज करून कुणी खाल्लेली नाही. या बाईंचा अर्ज घ्या. साडेचारला सुनावणी ठेवा."

"आपण येणार?"

"मला जिल्ह्याला बैठक आहे. तुमचा अभिप्राय तोच निर्णय समजा."

"मी माप देतो, मॅडम. अभिप्राय देत नाही."

"आज द्या. आणि तोपर्यंत जागा रिकामी ठेवू नका. रिकामी दिसली की कुणीतरी टपरी टाकतं."

म्हणून सुनावणी होईपर्यंत तात्पुरता वापर हुलवानांना देण्यात आला. त्यांनी फोन केल्यावर मंगल कार्यालयाच्या जिन्यातून अकरा मुलंमुली पुस्तकं घेऊन आली. चपला बाहेर, भिंतीला टेकायचं नाही, क्रीमला हात लावायचा नाही, या अटी वाचून दाखवल्यावर एकेक करून ती आत गेली. दुकान शांत झालं. कान देऊन ऐकलं तर बशीतून पानं उलटल्याचा बारीक आवाज येत होता.

आशालताबाई स्टुलावरून हलल्या नाहीत. मार्थाने त्यांना चहा दिला, त्यांनी तो घेतला नाही. "तोंडाची चव जाईल," त्या म्हणाल्या.

"काकू, समजा निकाल तुमच्या बाजूने लागला नाही तर?" वाघमोड्यांनी विचारलं.

"मग गाडीत बसायचं." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "सगळे विचारतात, इंदूरला जायचं वाईट वाटतं का. वाईट नाही वाटत. पोरगी चांगली आहे, जावई चांगला आहे. पण तिथे पाच माणसं आणि दोन खोल्या. मी जिथे बसेन तिथे कुणाचं तरी काहीतरी ठेवलेलं असणार. ते उचलतील आणि म्हणतील, बस ना आई. दर वेळी म्हणतील." त्यांनी मुठीतलं टोकन पाहिलं. "आज निदान रांगेत माझा नंबर होता."

वाघमोडे जबाब घेत नव्हते, म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही.

चार वाजता मुलं बाहेर आली. वाघमोड्यांनी मोजून अकरा असल्याची खात्री केली. एक चष्मेवाली मुलगी हुलवानांना म्हणाली, "आत रेंज येत नाही, दादा. राज्यघटनेचे चार भाग झाले." हुलवानांनी मान हलवली आणि ते खिडकीकडे बघत राहिले.

वाघमोडे पुन्हा आत गेले. व्यास एकावन्न फूट भरला. मधोमध उंची सतरा. डोक्यावरचं छत सकाळी कुरकुरीत कोरडं होतं, आता बोट लावल्यावर बोटाचा ठसा राहत होता. बाहेर येऊन त्यांनी नवं माप लिहिलं आणि सुनावणी सुरू झाल्याचं जाहीर केलं.

हुलवानांनी आपलं म्हणणं नीट मांडलं. आवाज चढवला नाही. आशालताबाईंनी टोकन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला नोंद नको. मला खायचा आहे."

"तांत्रिक बाजू," वाघमोडे मार्थाकडे वळले. "हा उद्या सकाळपर्यंत ठेवला तर काय होईल?"

"लिबलिबीत होईल."

"फ्रिजमध्ये?"

"लवकर होईल. सकाळी बघाल तर ओला पुठ्ठा. जागाही नाही आणि पफही नाही."

"आणि आत्ता खाल्ला तर?"

"तर क्रीम पफ," मार्था म्हणाली.

"पण आत दोन गुंठे आहेत. एका माणसाच्याने संपेल?"

मार्थाने बशी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंदाज घेतला. शंभर ग्रॅमसुद्धा नसेल. "बाहेरून एकच आहे, साहेब," ती म्हणाली.

वाघमोड्यांनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी हुलवानांना जो प्रश्न विचारला तो कोणत्याही नमुन्यात नव्हता. "संपतराव, तुम्ही हा कधी खाल्लाय?"

"नाही."

"का बरं?"

"रांगेत उभं राहिलेलं आम्हाला बरं दिसत नाही. लोकांना वाटतं, आता याचंच काम कुठेतरी अडलंय." त्यांनी मार्थाकडे हात केला. "आणि माणूस पाठवून मागवला तर म्हणे हिचा नियम आहे, ज्याचं टोकन त्यानेच समोर खायचा."

"नियम नाही," मार्था म्हणाली. "घरी नेईस्तोवर मऊ पडतो, म्हणून सांगते."

वाघमोड्यांनी पेनाचं टोपण काढलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी हजारो शीटांवर लांबी, रुंदी आणि क्षेत्र लिहिलं होतं. 'अभिप्राय' या रकान्यात ते दर वेळी आडवी रेघ मारत. माप खरं असलं की त्याचं पुढे काय होतं हा आपला प्रश्न नाही, असं त्यांनी भावाच्या बांधावर उभं राहून स्वतःला सांगितलं होतं, आणि ते घरी आले होते. आता रकाना समोर होता आणि छत अर्ध्या तासात बसणार होतं. त्यांनी सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"सदर जागा नाशवंत आहे. ती जशी आहे तशी ठेवल्यास कुणाच्याही उपयोगाची राहणार नाही. टोकनधारकाने ती ताजी असतानाच खाणे योग्य. सार्वजनिक वापर दुपारी एक ते चार झालेला असून त्याची स्वतंत्र नोंद घेण्यात यावी."

हुलवान आपल्या वहीत लिहून घेत होते, त्यांनी मान वर केली. "स्वतंत्र नोंद म्हणजे वॉर्डात अभ्यासिका होती, असं धरायचं?"

"तीन तास होती. तसं लिहिलंय."

"तीन तासांवर पर्यायी जागा मिळते?"

"नियमात किती तास ते दिलेलं नाही."

हुलवानांनी विचार केला. "माझी हरकत नोंदवून घ्या," ते म्हणाले. "हरकत नसली तर पुढे कुणी म्हणेल, यांना जागा नकोच होती." हरकत नोंदवली गेली, आणि त्यांनी त्याखाली सही केली.

चार पन्नासला मार्थाने गाळणीतून पफवर पिठीसाखर भुरभुरवली आणि बशी आशालताबाईंच्या पुढे ठेवली. चमचा देऊ का, असं विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. दोन्ही हातांनी पफ उचलला, त्याचं वजन पाहिलं, आणि घास घेतला.

कवचाचा आवाज दुकानात सगळ्यांना ऐकू आला. मग क्रीम आलं. ते ओठांवर आलं, बोटांवर आलं, मनगटावरून कोपराकडे निघालं. आशालताबाईंनी कोपर वर करून ते चाटून घेतलं. समोर सरकारी माणूस बसला होता, नगरसेवक बसला होता, पण त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. नाकाला पिठीसाखर लागली होती. हा पदार्थ शिष्टाचार सांभाळून खाता येत नाही, हे वाघमोड्यांच्या लक्षात आलं, आणि बाईंनी तसा प्रयत्नही केला नाही. सात घास झाले. हुलवानांनी एकदा घड्याळ पाहिलं, ते उगीच.

शेवटचा तुकडा गेल्यावर त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या.

"फार गोड नाही," त्या म्हणाल्या.

मार्था कपाटामागे होती. तिने कमरेत वाकून नमस्कार केला, तिकडे करतात तसा. दोन वर्षं गाव तिला साखर वाढव म्हणून सांगत होतं. कोबेत तिच्या खोलीखालच्या दुकानात हेच वाक्य सगळ्यात मोठं कौतुक म्हणून बोललं जाई, आणि रेठरपुरात ते अजून कुणी तक्रारीच्या सुराशिवाय बोललं नव्हतं.

आशालताबाईंनी हात धुतले, तोंड धुतलं, पिशवी घेतली. दाराशी त्या थांबल्या. "आता तुम्ही कागदावर काय लिहिणार?"

"धारकाच्या ताब्यात."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सहाची गाडी वेळेवर सुटली. वाघमोड्यांनी शीट पूर्ण केलं आणि रेठरपूर तालुक्याच्या एकूण क्षेत्रातून दोन गुंठ्यांना चार बोटं कमी इतकी वजावट सुचवली, कारण ते क्षेत्र आता राज्याबाहेर गेलं होतं. मॅडमनी सही केली. हुलवानांनी पर्यायी जागेसाठी तीन तासांच्या नोंदीसह अर्ज केला. तो नगरपालिकेने स्वीकारला, आणि नगरपालिकेला पहिल्यांदाच लेखी कळवावं लागलं की जागा शोधण्याचं काम सुरू आहे. बुधवारी सकाळी नऊ वाजता हुलवान टोकनाच्या रांगेत उभे असलेले दिसले. त्यांचं काय काम अडलंय, असं दोघातिघांनी विचारलं.

पुढच्या महिन्यात वाघमोड्यांनी दोन चुलत भावांची विहीर मोजली, एका देवळाचं आवार मोजलं, एक वहिवाटीचा रस्ता मोजला. अभिप्रायाच्या रकान्यात ते आता दोन ओळी लिहू लागले होते. त्या कुणी मानत असत, कुणी नसत.

दीड महिन्याने कार्यालयात इंदूरचा शिक्का असलेलं एक आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर मोठं आणि सुटं होतं. आवक क्रमांक टाकून वाघमोड्यांनी ते मॅडमसमोर वाचलं.

"सा. न. वि. वि. मी इकडे सुखरूप पोचले. घर सांगितल्याप्रमाणे दोन खोल्यांचंच आहे. नातवंडांची दप्तरं, जावयाचं सामान, सगळं खरं आहे. पण माझी अडचण कुणाला होत नाही आणि मला कुणाची होत नाही. दुपारी मी पलंगावर आडवी होते आणि आत जाऊन बसते. उजेड चांगला येतो. छत खाली आलेलं नाही, उलट थोडं वर गेल्यासारखं वाटतं. परवा माझी मुलगी स्वयंपाक उरकून तिथेच आली आणि पाय पसरून तासभर झोपून गेली. बोलली काही नाही. आपल्या माहितीसाठी कळवत आहे. आशालता रणनवरे."

मॅडमनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "उत्तर काय द्यायचं?"

"त्यांनी काही मागितलेलं नाही, मॅडम."

"मोजणी? नक्कल? हद्दीची तक्रार?"

"काहीच नाही."

मॅडमनी पत्राच्या मागच्या बाजूलाही काही आहे का ते तपासलं. मग त्यांनी लाल पेन उचललं, कोपऱ्यात 'दप्तरी दाखल' असं लिहिलं, आणि वाघमोड्यांनी ते पत्र फायलीत लावून फाईल जागेवर ठेवली.